सरपटणाऱ्यांचं गणगोत – ४ : सापाची मावशी

उन्हाळ्याच्या शेवटी अंगणातला पालापाचोळा ओढायला घेतला की त्याखालून एक चकचकीत, तपकिरी प्राणी सळसळत बाहेर पडायचा. आजी खराटा वर उचलायची आणि म्हणायची, "जाऊ दे रे, सापाची मावशी आहे ती." सापसुरळी. मावशीला दुखावलं तर भाचा घरी येईल, असा तिचा हिशोब असावा. सापसुरळी विषारी असते असंही गावोगाव मानतात. ते साफ खोटं आहे, ती किडे खाऊन जगणारा निरुपद्रवी जीव आहे. पण ते मावशीपण? ते मात्र तपासून बघण्यासारखं आहे, कारण वर्गीकरण म्हणजे शेवटी नाती लावणंच.

मागच्या लेखांकात आपण सरीसृपांचे आज हयात असलेले चार गण पाहिले : कासवं, मगरी-सुसरी, न्यूझीलंडमध्ये एकटा उरलेला तुआतारा आणि खवलेधारी, म्हणजे स्क्वामाटा. सरीसृपांच्या सुमारे १२,००० ज्ञात जातींपैकी ९५ टक्क्यांहून जास्त या शेवटच्या गणात मोडतात. बाकीच्या तिन्हींच्या मिळून चारशेच्या आसपास. पाली, सरडे, सापसुरळ्या, घोरपडी आणि सगळे साप, इतकी मोठी भावकी या एका घरात नांदते. तेव्हा भांडणंही इथलीच जास्त.

शाळेत आपण सोपा नियम शिकतो : पाय असले तर सरडा, नसले तर साप. हा नियम ओडिशात चिलिका सरोवरातल्या बरकुडा बेटावर मोडतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१७ साली तिथल्या एका प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. मातीत राहणारा, गांडुळासारखा लांबोडका, पायांचा पत्ता नाही. आणि तरी तो साप नव्हता, सापसुरळीच होती! बेटाच्या नावावरून तिला 'बार्कुडिया' म्हणतात. ईशान्य भारताच्या डोंगरांत 'काचसरडा' म्हणता येईल असा आणखी एक बिनपायांचा प्राणी आहे, आणि तो सापसुरळीच्या घरातलाही नाही. दोघांनी आपापले पाय स्वतंत्रपणे गमावले. खवलेधाऱ्यांच्या इतिहासात पाय असे गळून जाण्याचा प्रकार किमान २५ वेळा घडला असावा, असं मानतात. सापाचं घराणं हे त्यातलं फक्त सर्वांत यशस्वी उदाहरण. (देवगांडुळाला कुणी या रांगेत उभं करू नये. सह्याद्रीत पावसाळ्यात दिसणारा तो ओलसर, वळ्यावळ्यांचा प्राणी बेडकाच्या गोतातला, उभयचर आहे.)

मग साप ओळखायचा कसा? पापणी बघा, असं सांगतात. काचसरडा डोळे मिटतो, साप मिटू शकत नाही. सापाच्या डोळ्यावर पारदर्शक खवला बसवलेला असतो; अखंड टाकलेली कात हातात घेऊन डोक्याच्या बाजूला पाहिलं तर चष्म्याच्या भिंगासारखे ते दोन खवले दिसतात. पण घरातली पालही डोळे मिटत नाही, ती जिभेने डोळा पुसते. म्हणजे नुसत्या पापणीवर निकाल देता येत नाही. कानाचं भोक बघा : सापाला ते नसतं, बहुतेक सरड्यांना असतं. पोट बघा : सापाच्या पोटावर आडव्या, रुंद खवल्यांची एकच रांग असते. पण कुंडीतल्या मातीत सापडणारा वाळा उलटा करून पाहा, त्याच्या पोटाचे आणि पाठीचे खवले सारखेच. आणि वाळा तर पक्का साप आहे. शेपूट बघा : काचसरड्याचं शेपूट धडापेक्षा लांब असतं आणि पकडलं तर तुटून हातात राहतं, सापाचं शेपूट आखूड. जबडा उघडून बघायचा झाला (जिवंत प्राण्याचा कृपा करून नको) तर बहुतेक सापांच्या खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी जुळलेले नसतात, लवचीक बंधाने धरलेले असतात. त्यामुळे धामण स्वतःच्या डोक्यापेक्षा जाड उंदीर गिळू शकते.

थोडक्यात, एकाही खुणेवर विसंबता येत नाही. म्हणून अभ्यासक खुणांची मोळी बांधतात, हाडं मोजतात, आणि गेली काही दशकं डीएनए वाचतात. इथेच आमच्या आजीचा हिशोब चुकतो. डीएनएवरून मांडलेल्या वंशावळींत साप, घोरपडीचं कूळ आणि बागेतल्या सरड्याचं कूळ एकाच फांदीवर येतात. सापसुरळी त्या फांदीच्या बाहेर आणि पाल तर आणखी लांब. नुसत्या सांगाड्यांवरून काढलेल्या वंशावळी याच्याशी सगळीकडे जुळत नाहीत, त्यामुळे वाद पूर्ण मिटलेला नाही. पण मला विचाराल तर मावशीचा मान घोरपडीलाच द्यावा. ऊन खात बसलेली घोरपड जीभ बाहेर काढते तेव्हा नीट पाहा : लांब, सडपातळ, टोकाला दुभंगलेली, थेट नागासारखी. हवेतले वासाचे कण टिपून ती जीभ टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोचवते, हेही सापासारखंच. सापसुरळीच्या आखूड जिभेला असा खोल चिरा नसतो.

यातून एक अडचण उभी राहते. सरडा आणि घोरपड सापाला इतके जवळचे आणि पाल लांबची, तर साप वगळून 'सरडे' असा वेगळा गट करायचा कसा? भावकीची वंशावळ लिहिताना एकाच भावाचं घर गाळावं, तसं ते होतं. साप हे बिनपायांच्या सरड्यांचंच एक घराणं आहे. कुंपणापर्यंत धाव असलेल्या सरड्याला हे नातं फार मोठं वाटेल, पण आहे.

पायांचा पुरावाही पुरता पुसलेला नाही. अर्जेंटिनात सापडलेल्या आणि २००६ साली वर्णन झालेल्या 'नजाश' या जीवाश्म सापाला मागचे पाय होते; तो नऊ कोटी वर्षांहून जुना आहे. इतकं लांब जायचं नसेल तर अजगर बघा. त्याच्या शेपटीच्या मुळाशी, गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखासारखी दोन टोकं असतात. नराची जास्त मोठी, आणि मीलनाच्या वेळी तो ती वापरतोही. तेच त्याचे मागचे पाय, उरलेसुरले.

पुढच्या आठवड्यात मगरीकडे वळू. तिच्या हयात नातेवाइकांत सर्वांत जवळचं कोण, हे शोधायला नदीकाठी जावं लागणार नाही; खुराड्यात डोकावलं तरी चालेल.