डासाची पेशी, विषाणू आणि ‘प्रयोगसिद्ध’ औषधे

वर्षा ऋतू सरून शरदाचे ऊन पडू लागले की आपल्या दवाखान्यांत सांधे धरून येणारे आणि डोळ्यांमागे ठणका सांगणारे ज्वराचे रुग्ण वाढतात. त्याच सुमारास औषधी दुकानांत प्रतिनिधींची ये-जाही वाढते. त्यांच्या माहितीपत्रकावर ‘डेंग्यूच्या विषाणूवर प्रयोगशाळेत सिद्ध’ असे ठळक अक्षरांत असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘पेशी-संवर्धनात चाचणी’ असे. ती पेशी कोणाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. अशा चाचण्यांत वापरली जाणारी पेशी पुष्कळदा आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या वृक्कातील असते, तर काही वेळा चक्क डासाची. या दुसऱ्या पेशीत विषाणू शिरल्यावर काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आपल्या संहितांना डास अपरिचित नव्हता. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या आठव्या अध्यायात सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण आणि पार्वतीय असे मशकांचे पाच प्रकार सांगितले आहेत. मात्र तेथील विचार दंशाचा आणि त्याच्या विषाचा आहे. त्यात विषाणूशास्त्र शोधण्याचा उत्साह काही लेखांतून दिसतो, तो आम्हांस अनाठायी वाटतो. संहितेचे मोठेपण अशा आधारांवर अवलंबून नाही.

डासाच्या पेशींच्या अभ्यासाचे एक मूळ आपल्या पुण्यातच आहे. तेथे १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. या केंद्रात के. आर. पी. सिंग यांनी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या एडीस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून काचपात्रात सतत वाढत राहणारी पेशींची परंपरा निर्माण केली आणि १९६७ साली ते काम प्रसिद्ध केले. पुढे जपानी शास्त्रज्ञ अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये याच परंपरेतून डेंग्यू व चिकुनगुन्याच्या विषाणूंना विशेष सहजपणे आश्रय देणारी एक शाखा निवडून काढली. तिला सी६/३६ म्हणतात. आज जगभरच्या विषाणू प्रयोगशाळांत ती सुमारे २८ अंश उष्णतेवर वाढविली जाते.

डेंग्यूच्या विषाणूचे सारे भांडवल म्हणजे सुमारे १०,७०० अक्षरांची एक आर.एन.ए. साखळी. पेशीत शिरल्यावर तिच्यावरून एकच लांबलचक प्रथिन तयार होते आणि त्याचे तुकडे होऊन दहा प्रथिने वेगळी होतात. त्यांतील तीन विषाणूचे शरीर बनवितात, उरलेली सात पेशीचा कारखाना आपल्या कामाला जुंपतात. प्रथिने बनविण्याची स्वतःची यंत्रणा विषाणूजवळ नसते. ती सर्व यजमानाची.

कारखान्यात काय बदलले हे पाहण्याची रीत औषधनिर्मात्यांना समजण्यास सोपी आहे. टी.एल.सी. पट्टीवर आपण एखाद्या अर्कातील घटक ठिपक्यांच्या रूपाने वेगळे करून प्रमाण नमुन्याशी ताडून पाहतो. तसेच निरोगी आणि संक्रमित पेशींतील प्रथिने विद्युत्‌भार व वजन यांनुसार जेलच्या पातळ थरावर पसरवितात. कोणता ठिपका गडद झाला, कोणता फिका, हे पाहून तो ठिपका कापून घेतात आणि वस्तुमान वर्णपटमापकाने त्यातील प्रथिन ओळखतात.

अशा व इतर पद्धतींनी दिसलेले चित्र मोठे उद्बोधक आहे. परक्या प्रथिनांचा लोंढा आला की नव्या प्रथिनांना योग्य घडी घालून देणारी साहाय्यक प्रथिने वाढतात. घडी न बसलेला माल साचू लागला की पेशी प्रथिननिर्मिती काही काळ मंदावते आणि त्यामुळे तिला सावरण्यास अवसर मिळतो. तैवानमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले की डेंग्यूने संक्रमित झालेल्या डासाच्या पेशीत ऑक्सिजनजन्य दाह शमविणारी यंत्रणा बळावते. ग्लुटाथायोन-एस-ट्रान्स्फरेज हे प्रथिन त्यांतले एक. सस्तन प्राण्यांच्या पेशी याच विषाणूने बहुधा मरतात. डासाची पेशी मात्र बहुतेक वेळा तग धरते आणि विषाणू निर्माण करीत राहते. मादी डास एकदा संक्रमित झाली की आयुष्यभर संक्रमितच राहते, त्यामागे हीच सहनशीलता आहे. पेशीने स्वतःला वाचविण्यासाठी योजलेले उपाय विषाणूलाही वाचवितात, असे म्हणावयास हरकत नाही.

स्नेहद्रव्यांची कथाही लक्षणीय आहे. विषाणूला आपली जुळणी करण्यासाठी पेशीच्या आतील पडद्यांची गरज असते आणि पडदे म्हणजे मुख्यतः स्नेह. सी६/३६ पेशींवरील २०१२ च्या एका अभ्यासात संक्रमणाने स्नेहद्रव्यांचा समतोल बदललेला आढळला आणि मेदाम्ल बनविणारे प्रथिन रोखले असता विषाणूची वाढ घटली.

आता माहितीपत्रकाकडे वळू. सी६/३६ शाखा विषाणूंना इतकी सोयीची का, याचे उत्तर २०१० मध्ये मिळाले. डासांच्या पेशींत डायसर-२ नावाचे एक प्रथिन असते. ते विषाणूचा दुपदरी आर.एन.ए. ओळखून त्याचे तुकडे करते आणि पुढील प्रतिकार सुरू करून देते. सी६/३६ मध्ये हे प्रथिन निकामी आहे. म्हणजे ज्या पेशीवर औषध तपासले, तिचा प्रमुख पहारेकरीच जागेवर नाही. विषाणू वाढविण्यास ती उत्तम, परंतु तेथे मिळालेला निष्कर्ष जिवंत डासालाही सरळ लागू पडत नाही. मग ३७ अंशांच्या वर तापलेल्या, यकृत-वृक्क-रक्त असलेल्या मनुष्याची गोष्ट तर दूरच.

दुसरी अडचण मात्रेची. एखाद्या अर्काने मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम या प्रमाणात विषाणू रोखला, असे धरू. प्रौढ मनुष्याच्या शरीरात रक्तरस सुमारे ३ लिटर असतो. तेवढ्याच रक्तरसात ते प्रमाण गाठावयाचे तर ३०० मिलिग्रॅम अर्क पूर्णांशाने शोषला जाऊन तेथेच टिकून राहिला पाहिजे. जाठराग्नी, यकृत आणि मूत्रमार्ग तसे होऊ देत नाहीत. शिवाय प्रयोगातील अर्क बहुधा मद्यार्कात काढलेला, आणि आपण रुग्णाला देतो तो पाण्यातला क्वाथ. दोन्हींतील घटक एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. तोच अर्क निरोगी पेशींना किती मात्रेत मारतो, हे सांगितलेले नसेल तर विषाणूची घट औषधाने झाली की पेशीच्या मरणाने, हे कळण्यास मार्ग राहत नाही. प्रतिनिधीकडे निदान एवढी माहिती मागावी. ती न मिळाल्यास माल परत करण्यात कोणताही संकोच नसावा.

पपईच्या पानांबद्दलही येथेच लिहिणे इष्ट. त्यांवरील रुग्णचाचण्यांत प्रामुख्याने प्लेटलेटची संख्या मोजलेली आहे. विषाणू नष्ट होतो, हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही. शिवाय रोग उतरणीला लागताना प्लेटलेट औषधावाचूनही वाढतात, म्हणून तुलनेसाठी औषध न दिलेल्या रुग्णांचा गट नसेल तर अशा आकड्यांना अर्थ उरत नाही.

डेंग्यूत धोका ज्वर उतरू लागतो तेव्हा अधिक असतो. त्या दिवसांत पोटात तीव्र वेदना, थांबत नसलेली वांती, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, गळून जाणे अथवा मूत्राचे प्रमाण घटणे यांपैकी काहीही दिसले तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. दुकानदार बंधूंनी ज्वराच्या रुग्णाने मागितले तरी डेंग्यूची शंका फिटेपर्यंत अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन देऊ नये, आणि ‘विषाणूनाशक’ असा शिक्का असलेली बाटली त्याच्या हाती ठेवून त्याला घरी थांबण्याचा धीर देऊ नये.