अर्जात काय लिहिणार?

पदवी हातात पडली की जळगाव-धुळ्याच्या पुष्कळ घरांत एकच बेत शिजतो. पुणे गाठायचं, हिंजवडीत मिळेल ती नोकरी धरायची, शनिवार-रविवार कॅटचा क्लास लावायचा आणि दोन वर्षांनी एमबीएला अर्ज टाकायचा. बेत वाईट नाही. फक्त त्यात नोकरी म्हणजे मधला वेळ काढणं, असं गृहीत धरलेलं असतं आणि पुढे नेमकं तेच नडतं. मुलाखतीत कुणी विचारतं, ‘दोन वर्षं काय केलंत?’ आणि ‘सपोर्ट प्रोजेक्टवर होतो’ याच्या पुढे गाडी सरकत नाही.

आधी हे बघायला हवं की सगळ्या संस्था अनुभव एकाच मापाने मोजत नाहीत. आयआयएमच्या पहिल्या चाळणीत कॅटचे पर्सेंटाइल, दहावी-बारावीचे आणि पदवीचे गुण आणि बऱ्याच ठिकाणी अनुभवाचे महिने धरले जातात. बंगळूरच्या आयआयएममध्ये तर गेल्या काही वर्षांच्या धोरणानुसार 36 महिन्यांपर्यंत या अनुभवाचे गुण वाढत जातात. त्या टप्प्यावर तुम्ही कुठे आणि कसलं काम केलं याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं. ते निघतं मुलाखतीत. हैदराबाद-मोहालीच्या आयएसबीचं गणित वेगळं. तिथल्या एका वर्षाच्या मुख्य अभ्यासक्रमाला किमान 24 महिन्यांचा अनुभव लागतो आणि निबंध लिहावे लागतात. परदेशातल्या नामांकित शाळांत वर्गाचा सरासरी अनुभव साधारण चार-पाच वर्षांचा असतो, शिवाय वरिष्ठांची शिफारसपत्रं मागतात. म्हणजे ज्याला आयएसबीच्या किंवा परदेशाच्या वाटेने जायचं आहे, त्याच्या अर्जाचा कणाच पहिली नोकरी असते.

मग कुठली नोकरी? इथे खानदेशातल्या मुलांना आपल्याच अंगणातलं दिसत नाही, असं माझं मत आहे.

अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे त्या कंपनीचं नाव. आज जग तिला विप्रो म्हणून ओळखतं. 1966 मध्ये वडील गेले आणि 21 वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून परतले. अमळनेरला भुईमुगाची खरेदी अंदाजपंचे चालायची: खरेदी करणाऱ्याने मूठभर शेंगा हातात घ्यायच्या, दाणा चावून बघायचा आणि भाव सांगायचा. प्रेमजींनी त्याऐवजी शेंगा फोडून, दाणे वाळवून, वजन करून मालाचा कस ठरवायची पद्धत आणली, असं विप्रोवरच्या एका पुस्तकात लिहिलेलं आहे. कारखाना त्यांना घरातूनच मिळाला होता, हे कबूल. प्रत्येकाच्या नशिबी तो नसतो. पण शेंगदाण्याच्या ढिगाशी उभं राहून ‘हे असंच का करतात?’ हे विचारायला मालकी लागत नाही.

भवरलाल जैन यांची सुरुवात तर याहून साधी. वाकोदच्या या मुलाने बी.कॉम. आणि कायद्याची पदवी घेतली, सरकारी सेवेत निवडही झाली. ती नोकरी त्यांनी नाकारली आणि 1963 मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर जळगावात रॉकेल विकायला घेतलं. 1978 मध्ये केळीच्या पावडरीचा आजारी कारखाना विकत घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन बनवायला सुरुवात केली. पाइप आणि ठिबक त्यानंतरचे. याच जैन इरिगेशनवर पुढे हार्वर्ड बिझनेस स्कूलने केस लिहिली. ‘जळगावचा अनुभव बाहेर कोण विचारतो?’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता आजच्या मुलाकडे येऊ. समजा, त्याच्यापुढे दोन पर्याय आहेत. एक, मोठ्या कंपनीत हजार जणांच्या तुकडीत रुजू होणं. दुसरा, रावेर-सावद्याकडच्या केळी निर्यातदाराच्या पॅक हाउसमध्ये पर्यवेक्षकाची नोकरी. दुसरीकडे पगार कमी, नाव लहान. पण तिथे सकाळी घड येतात, फण्या सुटतात, धुतल्या जातात, तेरा किलोच्या खोक्यांत भरल्या जातात आणि तेरा-चौदा अंशांच्या कंटेनरमधून आखातात जातात. कुठे तरी माल नापास होतो. का होतो? कटाईला उशीर झाला, वाहतुकीत घड दाबले गेले, की शेतातच घडाला झाकणारी स्कर्टिंग बॅग घातली नव्हती? जो हे तीन महिने वहीत टिपून ठेवेल आणि शेतकऱ्याशी बोलून एक गोष्ट तरी बदलेल, त्याच्याकडे लिहायला काही तरी असेल. ‘पॅक हाउसमध्ये पर्यवेक्षक होतो’ हे वाक्य मेलेलं आहे. ‘नापास खोकी शंभरात बारा होती, ती सातवर आली, कारण कटाईची वेळ बदलायला शेतकऱ्यांना राजी केलं’ हे वाक्य वाचणारा थांबतो. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. आपले आपणच मोजायचे, आणि फुगवायचे नाहीत, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

धुळ्याच्या बाजूलाही हीच गत. शिरपूरच्या सूतगिरण्या, दोंडाईच्याची मिरची, नरडाण्याची एमआयडीसी इथे दोन-चार वर्षांत निर्णयाच्या खोलीपर्यंत पोचता येतं. मोठ्या कंपनीत तेवढ्यात मॅनेजरचा मॅनेजर दिसत नाही. विश्वेश्वरय्या पुण्याहून इंजिनिअर होऊन 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा त्यांचं सुरुवातीचं मोठं काम धुळ्याकडे पांझरेच्या पात्रातून पाणी नेणाऱ्या सायफनचं होतं. तेही इथे नेमणुकीवरच आले होते.

तरी गावातली नोकरी सगळ्यांनी धरावी असं मी म्हणणार नाही. घरावर शैक्षणिक कर्ज असेल तर आधी पगार बघावा. मोठ्या कंपनीचं नाव अर्जात उपयोगी पडतंच, आणि तिथेही काम बदलून मागता येतं. फक्त सपोर्टच्या रात्रपाळीत तीन वर्षं घालवून ‘मला नेतृत्वाची आवड आहे’ असं लिहू नये.

घरच्या धंद्यात बसणाऱ्यांची अडचण निराळी. दाणा बाजारात, दालमिलमध्ये किंवा सोन्याच्या पेढीवर मुलगा चार वर्षं गादीवर बसतो, उधारी वसूल करतो, खरेदीला इंदूरला जातो. अनुभव अस्सल, पण कागद एकही नाही. पगार घेत नाही, कारण ‘घरचंच आहे’. संस्था मात्र पुरावा मागतात: नेमणूकपत्र, बँकेत जमा झालेला पगार, आयकर विवरणपत्र, फर्मच्या नोंदणीची कागदपत्रं. म्हणून पदवी झाली त्याच महिन्यापासून वडिलांनी किंवा काकांनी रीतसर पत्र द्यावं आणि पगार खात्यात टाकावा, भले तो दहा हजार असो. पदवीआधीचं आणि अर्धवेळ काम, इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावं.

शेतमालाच्या धंद्यात ज्यांचं मन रमतं त्यांनी आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था इर्मा आणि अहमदाबादच्या आयआयएमचा अन्न व कृषिव्यवसाय अभ्यासक्रम जरूर पाहावा. अमूलच्या वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने 1979 मध्ये निघालेल्या इर्मात सहकारी संघाच्या अनुभवाला कमी लेखत नाहीत.

राहिलं शिफारसपत्र. आपल्याकडचे शेठ मोकळ्या मनाचे. ते म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही ठोकतो.’ तसं करू नये, एक तर संस्थांना ते चालत नाही, आणि दुसरं, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. शेठना तुमच्या कामाच्या चार-पाच ठळक गोष्टी तारखांसह आठवून द्याव्यात, पत्र त्यांच्या शब्दांत येऊ द्यावं. इंग्रजीची अडचण असेल तर त्यांच्या चार्टर्ड अकाउंटंटने किंवा त्यांच्याच मुलाने भाषांतर करून द्यावं. आणि हे दिवाळीवर ढकलू नये. परदेशी शाळांच्या पहिल्या फेरीचे अर्ज सप्टेंबरच्या सुमारास जातात, आणि कापसाच्या जिनिंगचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू झाला की शेठना डोकं वर काढायला फुरसत नसते. श्रावणातच एकदा त्यांच्या गादीवर जाऊन बसावं.