आकापुल्को : विश्रांतीचें बंदर

सुट्टी लागली म्हणजे आपलेकडे लोक डोंगराची वाट धरतात. मुंबईचा उकाडा मागें टाकून माथेरान किंवा महाबळेश्वर गांठावें, ही आपली रीत. मेक्सिको देशांत ती नेमकी उलट आहे. तेथील राजधानी समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवर वसलेली. हवा विरळ आणि रात्री गार. म्हणून राजधानीचा रहिवासी विसाव्यासाठीं डोंगर चढत नाहीं, तो उतरतो. आणि उतरून जेथें पोंचतो, तें पॅसिफिक महासागराच्या कांठचें आकापुल्को शहर. तें विषुववृत्तापासून जवळजवळ आपल्या रत्नागिरीइतकेंच उत्तरेस आहे. तेथील नारळ, आंबे आणि दमट हवा कोंकणच्या माणसास परकीं वाटणार नाहींत.

या शहराच्या मोहिनीचें पहिलें कारण भूगोलांत आहे. डोंगरांनीं वेढलेला अर्धवर्तुळाकार उपसागर, आंत खोल व बहुधा शांत पाणी, आणि कांठाला वाळूची लांबच लांब पट्टी. पाऊस मुख्यतः जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. पुढें एप्रिलपर्यंत आकाश निरभ्र. उत्तर अमेरिकेंत हिमवर्षाव चालू असतो त्याच महिन्यांत येथें मनुष्य खुशाल पाण्यांत शिरूं शकतो. कालेताच्या आडोशाच्या किनाऱ्यावर मुलेंबाळें रमतात. सूर्यास्ताचे शौकीन पश्चिमेस पिए दे ला कुएस्ता येथें जातात. तेथील लाटा मात्र दांडग्या, पोहण्यास धोक्याच्या.

खोल पाण्याची ही सोय पूर्वीं व्यापाऱ्यांनीं हेरली होती. १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला व आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबतें ये-जा करीत. चीनचें रेशीम, चिनी मातीचीं भांडीं, मसाले, आणि आपल्या हिंदुस्थानचें सुती कापडही त्यांतून येई. परततांना तीं मेक्सिकोची चांदी नेत. या बंदराच्या रक्षणासाठीं बांधलेला सान दिएगोचा किल्ला १७७६ च्या भूकंपानंतर पुन्हां उभारला गेला, तो आजही पाहावयास मिळतो. व्यापार थांबला आणि गांव मागें पडलें. १९२७ मध्यें राजधानीपासून मोटाररस्ता झाला, तेव्हां त्याचें भाग्य पुन्हां उघडलें.

पाहुण्यांना येथें निसर्गाबरोबर माणसाचें कौशल्यही ओढून आणतें. ला केब्रादा येथें सुमारें ३५ मीटर उंच कड्यावरून सूर मारणारे तरुण १९३४ पासून प्रसिद्ध आहेत. खालची घळ अरुंद आहे. लाट आंत आली म्हणजेच पाणी पुरेसें खोल होतें. म्हणून सूर मारणारा प्रथम कड्यावरील ग्वादालुपेच्या मातेच्या छोट्या देवळीपाशीं प्रार्थना करतो, मग लाटांवर नजर ठेवून नेमका क्षण साधतो. गुरुवारीं येथील खाणावळींतून मक्याच्या दाण्यांचें ‘पोसोले’ नांवाचें कालवण शिजतें, आणि गांवकरी व पाहुणे एकाच पंक्तीस बसतात.

पण जो ऊबदार समुद्र पाहुण्यांना बोलावतो, तोच वादळालाही बळ देतो. २४ ऑक्टोबर २०२३ रोजीं सकाळीं ‘ओटिस’ हें एक साधारण वादळ होतें. मध्यरात्रीनंतर तें किनाऱ्यावर आदळलें तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं २५० किलोमीटरांहून अधिक होता. एवढी वाढ अंदाजांत दिसली नव्हती, त्यामुळें सावध होण्यास जेमतेम कांहीं तास मिळाले. चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं. उंच हॉटेलांच्या काचा व भिंती उडून सांगाडे उरले. पुढच्याच वर्षीं ‘जॉन’ वादळाच्या पावसानें शहर जलमय झालें.

त्याआधींच कानकुनसारखीं नवीं स्थळें आणि गुन्हेगार टोळ्यांची हिंसा यांमुळें परदेशी प्रवासी घटले होते. प्रवाशाला दुसरा किनारा शोधतां येतो. कोळी, नावाडी, हॉटेलांतील खोल्या झाडणाऱ्या बायका यांना तो मार्ग मोकळा नाहीं. त्यांच्यापैकीं अनेकांचीं घरें मागच्या डोंगर-उतारांवर आहेत; मोठ्या पावसांत तेथूनच चिखल व पाणी खालीं लोटतें. १९९७ च्या ‘पॉलीन’ वादळानें अशाच वस्त्यांवर घाला घातला होता.

तरीही ‘ओटिस’नंतर हॉटेलें एकेक करून उघडलीं, आणि सुट्टी आली कीं राजधानीचीं कुटुंबें पुन्हां घाट उतरूं लागलीं. अशा शहरांत पाहुण्यांचा समुद्रकांठ जितक्या काळजीनें बांधला जातो, तितकीच काळजी उतारावरील घरांची व वेळेवर मिळणाऱ्या इशाऱ्याची घेतली गेली पाहिजे; कारण पाहुण्यांचें स्वागत करणारे हात त्या घरांतूनच येतात.