पेरणीआधी मशागत, अर्जाआधी कागद



बारावीचा निकाल लागला की पाठोपाठ जून येतो, आणि जून म्हणजे पेरणी. नेमकी त्याच दिवसांत सेतू केंद्रावर रांग लागते. पोरीला मार्क असतात, पण एक दाखला नसतो. जागा हातची जाते आणि घरात कुणीतरी म्हणतं, “जाऊ द्या आता, स्थळं पाहू.” म्हणून आज कागदांचं बोलू.

आधी फायद्याची गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना इंजिनीअरिंग, फार्मसी, कृषी अशा व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. “सीट करून देतो” म्हणणाऱ्या एजंटला म्हणूनच दारातूनच परत पाठवा. माफी आपोआप मिळत नाही. महाडीबीटीवर दरवर्षी अर्ज करावा लागतो. एससी, एसटी, व्हीजेएनटी मुलामुलींच्या शिष्यवृत्तीचा अर्जही तिथंच. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र या फीमाफीत येत नाही, तो वेगळा धरा.

आता सगळ्यात वेळखाऊ कागद: जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. पोरगी बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे अर्ज करा. त्याला जुना पुरावा लागतो. एससीसाठी १९५०, व्हीजेएनटीसाठी १९६१ आणि ओबीसीसाठी १९६७ च्या आधीचा. तो सहसा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यात किंवा कोतवाल बुकाच्या नकलेत सापडतो. वडिलांकडच्या सख्ख्या काकाची किंवा चुलतभावाची व्हॅलिडिटी झाली असेल, तर तिची प्रत मागून घ्या. भाऊबंदकीत बोलणं बंद असलं, तरी पोरीसाठी एकदा त्या घरी जाऊन या.

नॉन क्रीमीलेअर दाखल्यावरची तारीख वाचा. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. मागच्या वर्षी संपलेला दाखला चालत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइलही वेळेत काढा. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही पाहा. शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या बँक खात्यातच येते.

फॉर्म भरताना दोन गोष्टी सांभाळा. मोबाइल नंबर घरचाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. ओटीपी आणि पुढचे निरोप त्याच नंबरवर येतात. पासवर्ड वहीत लिहा. दुसरं, कॉलेजांचा क्रम घरी बसून, पोरीला विचारून ठरवा. इंजिनीअरिंगच्या पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचंच कॉलेज लागलं, तर तेच घ्यावं लागतं. म्हणून जिथं खरंच शिकायचं आहे तेच वर लिहा. रिसोडहून अमरावतीला कसं जायचं, राहायचं कुठं, हे क्रम लावण्याआधी बोला.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न विचारा: कुणाची पोरगी, कुणाचा पोरगा यंदा अकरावी-बारावीत आहे? त्यांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढं कोणता कागद बाकी आहे ते मांडा. तहसीलला जायचं तर दोघीतिघी मिळून जा.

मार्क मिळवणं लेकरांच्या हाती आहे. कागद वेळेत गोळा करणं आपल्या हाती आहे.