शेजारच्या सीटवरचं करिअर: रॅलीचा को-ड्रायव्हर

रॅलीवरच्या मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलंय, "ड्रायव्हरच्या शेजारी बसून कागद वाचायचे, याला करिअर कसं म्हणायचं?" प्रश्न तिरकस आहे, पण रास्त आहे. आजचा अख्खा भाग त्याच्यावरच.

आधी ते कागद समजून घेऊ. रॅली सर्किटवर होत नाही. जंगलातले, डोंगरातले रस्ते बंद करून त्यांच्या स्टेज करतात आणि गाड्या एकेक करून सोडतात. सर्किटवरचा ड्रायव्हर तेच वळण पन्नास वेळा घेतो, त्याला ते पाठ होतं. रॅलीत तसं नाही. पाहणीसाठी, म्हणजे रेकीसाठी, साधारण दोनच फेऱ्या मिळतात, त्याही मर्यादित वेगात. पहिल्या फेरीत ड्रायव्हर सांगतो आणि को-ड्रायव्हर झपाझप खुणांमध्ये लिहून घेतो. दुसऱ्या फेरीत तो ते वाचून दाखवतो आणि दोघं दुरुस्त्या करतात. या झाल्या पेस नोट्स. 'शंभर, लेफ्ट फोर ओव्हर क्रेस्ट, डोन्ट कट' असं तुम्ही व्हिडिओत ऐकलं असेल. म्हणजे शंभर मीटर सरळ, मग चढाच्या माथ्यावर चार नंबरचं डावं वळण, आणि आतल्या कडेवरून गाडी घालू नकोस. बऱ्याच जोड्यांत एक म्हणजे सगळ्यात हळू वळण आणि सहा म्हणजे जवळपास सरळ.

वाचता कुणालाही येईल हो. खरी गोम आहे ती कधी वाचायचं यात. ड्रायव्हर एका वळणात असताना पुढचं वळण त्याच्या कानात पडायला हवं. लवकर सांगितलं तर तो विसरतो, उशीर झाला तर गाडी झाडीत. आणि को-ड्रायव्हरची मान वहीत असते! गाडी नेमकी कुठे पोचली हे तो बरंचसं सीटखालून बसणाऱ्या धक्क्यांवरून ओळखतो. शिवाय आवाज चढू द्यायचा नाही. तो घाबरला की ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचललाच म्हणून समजा.

ही युक्ती जुनी आहे. 1955 च्या मिले मिलिया शर्यतीत (ती रॅली नव्हे, इटलीतल्या रस्त्यांवरची सुमारे 1600 किलोमीटरची शर्यत) स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार बसला होता. कागदाचं लांबच लांब भेंडोळं एका डबीत गुंडाळलेलं, आणि इंजिनच्या आवाजात बोलणं अशक्य म्हणून सगळं हाताच्या खुणांनी. दहा तास सात मिनिटांत ते जिंकले.

वाचनाशिवाय घड्याळही त्याच्याच ताब्यात. जागतिक रॅलीत टाइम कंट्रोलला एक मिनिट उशीर झाला तर दहा सेकंदांचा दंड, आणि एक मिनिट लवकर गेलात तर चक्क एका मिनिटाचा! टाइम कार्ड सांभाळणं, पंक्चर झालं की चाक बदलायला उतरणं, हेही आलंच.

आता करिअर. जागतिक स्पर्धेत को-ड्रायव्हरचं अजिंक्यपद वेगळं असतं. दानिएल एलेनाने सेबास्तियाँ लोबसोबत 2004 ते 2012 सलग नऊ वेळा ते मिळवलं. पण 2021 च्या डकारनंतर ती जोडी फुटली. मला विचाराल तर या व्यवसायाची सगळ्यात अवघड बाजू हीच. तुम्ही कितीही चांगले असा, ड्रायव्हरची सीट गेली की तुमचीही जाते. आणि खालच्या पातळीवर तुमचा प्रवास, हॉटेल, मानधन बहुधा ड्रायव्हरच्याच बजेटमधून निघतं.

दुसरी बाजूही आहे. नियोजन हाडात मुरलेलं असल्यामुळे ही माणसं पुढे संघ चालवतात. 1981 मध्ये आरी वाटानेनसोबत जिंकलेल्या डेव्हिड रिचर्ड्सने प्रोड्राइव्ह उभी केली. ज्याँ टॉड को-ड्रायव्हरच होते. पुढे फेरारीच्या फॉर्म्युला वन संघाचे प्रमुख आणि 2009 ते 2021 एफआयएचे अध्यक्ष झाले. आणि 2022 ची माँटे कार्लो रॅली लोब जिंकला तेव्हा शेजारी कोण होतं? इझाबेल गाल्मिश, शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई!

धोक्याबद्दल गोड बोलणार नाही. 18 सप्टेंबर 2005, वेल्स रॅली. मार्को मार्टिनची गाडी घसरून झाडावर आदळली, नेमकी शेजारच्या बाजूने. मार्टिनला फारशी इजा झाली नाही. मायकेल पार्क जागीच गेला, वय 39. त्या दिवशी लोबचं जगज्जेतेपद नक्की होत होतं, तर त्याने मुद्दाम वेळेचा दंड ओढवून घेतला आणि ते टाळलं. मार्टिन जागतिक स्पर्धेत पूर्णवेळ परत आलाच नाही.

एवढं ऐकूनही इच्छा असेल तर टीएसडी रॅलीपासून सुरुवात करा. तिथे वेग नाही, ठरलेल्या वेळेत पोचण्याचं गणित असतं. मुंबई-पुण्याकडे अशा रॅली होतात. खऱ्या स्टेज रॅलीसाठी एफएमएससीआयचं लायसन्स लागतं. आणि त्याआधी घरगुती चाचणी: मित्राला गाडी चालवायला सांगा आणि वरंधा घाट उतरताना मान खाली घालून वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. वाचताना मळमळलं, तर मला मेसेज करा, पुढच्या भागात त्यावरही बोलू.