पाऊस नाही, तरी पायवाट ओली

जुलैत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ नसतोच. तरी म्यूर वूड्सच्या पायवाटेवर रेडवूडच्या झाडांखाली माझं जॅकेट भिजलं. पुढे मोकळ्या जागेत आले, तर माती बरीच कोरडी! धुकं मात्र दोन्हीकडे सारखंच दाट. (आपल्या सह्याद्रीत पावसाळी धुकं पावसासोबतच येतं, त्यामुळे कुठलं पाणी कोणाचं हे नुसतं बघून कळत नाही.)

हीच तुलना टॉड डॉसन यांनी तीन वर्षं मोजून केली. १९९८ च्या त्यांच्या पेपरनुसार झाडांखाली वर्षाच्या एकूण पाण्यापैकी सरासरी ३४ टक्के धुक्यातून आलं. झाडं नसलेल्या जागी फक्त १७. म्हणजे पानं धुकं अडवतात आणि त्याचे थेंब खाली पडतात.

पण पाणी पडलं म्हणजे झाडाने ते प्यायलं, हे कशावरून? आपण विद्यार्थी इथेच घसरतो. डॉसन यांनी वनस्पतींच्या आतलं पाणी काढून त्यातले हायड्रोजन-ऑक्सिजनचे समस्थानिक तपासले. धुक्याच्या पाण्यात जड समस्थानिक पावसापेक्षा जास्त असतात, म्हणून उगम ओळखता येतो. उन्हाळ्यात रेडवूडमधलं सुमारे १९ टक्के पाणी धुक्याचं निघालं, आणि खाली वाढणाऱ्या वनस्पतींमधलं सुमारे ६६!

हे आठवलं आणि मी वर बघणं सोडून खाली बसले. तिथे रेडवूड सॉरेल होती, आपल्या आंबुशीची बहीण. तशीच तीन हृदयाकृती पानं, थेट ऊन पडलं की मिटणारी. शेजारी सोर्ड फर्न हा नेचा. तो पानांतूनही थेट पाणी शोषतो, हे २००९ मध्ये दाखवलं गेलं. डॉसन यांचा हिशोब मातीत ठिबकलेल्या धुक्याचा होता. नेच्याचा दुसरा नळ त्यात धरलेलाच नव्हता.