म्हैसूरच्या सावलीचा हिशेब

शंकूच्या सावलीचं गणित आपल्याकडे जुनं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त छायाव्यवहाराला स्वतंत्र प्रकरण आहे. जंगलातल्या सावलीचं गणित मात्र अलीकडचं. १९५३ मध्ये जपानच्या मोन्सी आणि साएकी यांनी मांडलं की पानांचे थर वाढतात तसा खालचा उजेड ठरावीक पटीने घटतो. पुढची बहुतेक प्रारूपं याच पायावर उभी राहिली.

आपल्याकडे आधी मोजमापांचीच वानवा होती. पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणं घडवणाऱ्या अ‍ॅना मणींनी ती बरीच भरून काढली. भारतातल्या सौर प्रारणाच्या नोंदींची त्यांची हस्तपुस्तिका १९८० मध्ये आली. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातल्या रडारने अकरा दिवसांत पृथ्वीवरचे चढउतार टिपले आणि कोणत्या टेकडीची सावली कुठे, कधी पडेल हे संगणकावर काढता येऊ लागलं.

म्हैसूरला मात्र पाठ्यपुस्तक फसतं. उत्तरेचा उतार थंड, हे युरोपात खरं. इथे, साधारण १२.३ अक्षांशावर, एप्रिलअखेरीपासून ऑगस्टच्या विशीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. दहा मीटर उंच झाडाची सावली २१ जूनला भर दुपारी जेमतेम दोन मीटर, तीही दक्षिणेकडे. २१ डिसेंबरला सात मीटरहून लांब, उत्तरेकडे. म्हणजे जूनमध्ये चामुंडी टेकडीचा उत्तर उतार जास्त तापायला हवा. पण तेव्हा आभाळ भरलेलं, आणि ढगांतून झिरपलेल्या उजेडाला दिशा कसली? खरा फरक पडतो तो हिवाळ्याच्या कोरड्या, लख्ख उन्हात, दक्षिण उतारावर. आभाळ निरभ्र धरून रंगवलेले नकाशे म्हणूनच जपून वाचावेत.

दुसरा घोळ पानगळीचा. बंदीपूरच्या पलीकडे मुदुमलैत रमण सुकुमार आणि सहकारी १९८८ पासून ५० हेक्टरांवरचं झाड न् झाड मोजत आले आहेत. तिथल्यासारखी रानं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर बोडकी होतात. वर्षभर पानं सारखीच धरणारं प्रारूप मार्चमध्येही गारवा दाखवतं. प्रत्यक्षात खाली वाळलेलं गवत असतं, घाणेरी असते आणि वणव्याची धास्ती.

२०१८ च्या अखेरीस अवकाशस्थानकाकडे गेलेल्या जेडी या लेसर उपकरणाने झाडांचे थर मोजायला घेतले, पण २५-२५ मीटरांच्या ठिपक्यांनी, सलग नाही. मधली जागा पडताळायची तर झाडाखाली जाऊन कॅमेरा आभाळाकडे रोखावा लागतो. त्याचं मत्स्यनेत्री भिंग १९२४ मध्ये ढगांसाठी निघालेलं. १९५९ मध्ये ते जंगलातला उजेड मोजायला वापरलं गेलं, आणि अजून त्याची सुटका झालेली नाही.